एक्स्पिडाइटेड रिमूव्हल : न्यायाधीशाविना हद्दपारी आणि आपल्या ग्रुपवर फिरणारा तो मेसेज

निशिगंधा_एडिसन | सोम, १/०९/२०२५ - २०:१५

गणपतीच्या आरतीच्या वेळा कळवायला काढलेल्या आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरतोय. 'एच-१बीवाल्यांनो, दोन वर्षांचे भाडेकरार आणि विजेची बिलं गाडीत ठेवा, नाहीतर आईसवाले (अमेरिकेचे इमिग्रेशन पोलीस) रस्त्यातून उचलून थेट विमानात बसवतील.' मी न्यू जर्सीत एका इमिग्रेशन वकिलांच्या ऑफिसात काम करते. वकील नाही, फायली लावणारी. पण हेच फॉर्म रोज हाताखालून जातात, म्हणून ग्रुपवर प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहिते.

मेसेज चुकीचा आहे. ज्यावरून तो निघाला ती गोष्ट मात्र खरी आहे आणि घाबरण्यासारखीही आहे. फक्त घाबरायचं कुणी, हे मेसेज लिहिणाऱ्याला कळलेलं नाही.

अमेरिकेतून एखाद्याला काढायचं तर नेहमीचा रस्ता लांबचा. नोटीस निघते, तारीख पडते, इमिग्रेशन न्यायाधीशापुढे सुनावणी होते, स्वतःच्या खर्चाने वकील देता येतो, निकाल विरोधात गेला तर अपील करता येतं. या न्यायालयांत तीस लाखांहून जास्त खटले तुंबलेत, त्यामुळे वर्षानुवर्षं नंबर लागत नाही. दुसरा रस्ता 'एक्स्पिडाइटेड रिमूव्हल'चा. यात न्यायाधीश नाही. समोरचा अधिकारीच प्रश्न विचारतो, तोच उत्तरं टाइप करतो, तुमच्याकडे कागद नाहीत किंवा तुम्ही खोटं बोललात हे तोच ठरवतो. त्याच्या वरिष्ठाने मान्यता दिली की हुकूम तयार, कधी कधी त्याच दिवशी. पाच वर्षं परत यायला बंदी, खोटेपणाचा ठपका बसला तर जन्मभराची. परत गेल्यास छळ होईल अशी भीती बोलून दाखवली तरच पुढचं एक दार उघडतं : आश्रय अधिकाऱ्याची मुलाखत. तिथे नापास झालात तर इमिग्रेशन न्यायाधीश सात दिवसांच्या आत तो निर्णय तपासतो आणि तिथेच विषय संपतो.

हे ट्रम्प यांनी आणलेलं नाही. १९९६ साली क्लिंटन यांच्या सहीने कायदा झाला, १ एप्रिल १९९७ पासून लागू. आधी फक्त विमानतळ, बंदरं आणि सीमेवरच्या चौक्या. २००२ मध्ये समुद्रमार्गे चोरून आलेले. २००४ मध्ये बुश सरकारने जमिनीच्या सीमेपासून १०० मैल आत आणि आल्यापासून १४ दिवस असा तो ताणला. ओबामांच्या काळात, २०१३ मध्ये, एकूण हद्दपारींपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त याच रस्त्याने झाल्या. बायडन यांनी जून २०२४ मध्ये दक्षिण सीमेवर अशी मेख मारली की भीती वाटते का हे अधिकाऱ्याने विचारायचंच नाही, माणूस आपणहून बोलला तर ठीक. तेव्हा रिपब्लिकन-डेमोक्रॅट हाणामारी करायची असेल तर कृपया दुसरा धागा काढा.

मूळ कायद्यातच एक मुभा होती. तपासणी चुकवून आत आलेला आणि सलग दोन वर्षं इथे राहिल्याचं दाखवू न शकणारा माणूस देशात कुठेही सापडला तरी सरकारला हे कलम लावता येईल. बावीस वर्षं कुठल्याच सरकारने ती मुभा पुरती वापरली नाही. जुलै २०१९ मध्ये ट्रम्प सरकारने वापरायचं ठरवलं. सप्टेंबरात वॉशिंग्टनच्या न्यायाधीश केटांजी ब्राउन जॅक्सन यांनी (आता सर्वोच्च न्यायालयात आहेत त्याच) ते अडवलं, जून २०२० मध्ये अपील न्यायालयाने अडसर काढला, मार्च २०२२ मध्ये बायडन यांनी विस्तारच मागे घेतला. २१ जानेवारी २०२५ ला, शपथविधीच्या दुसऱ्याच दिवशी, तो पुन्हा आला.

त्याचा वापर कसा झाला ते मे महिन्यापासून दिसायला लागलं. माणूस तारखेला न्यायालयात येतो. सरकारी वकील सांगतो, आम्ही हा खटला काढून घेतो. त्याला वाटतं, सुटलो. कॉरिडॉरमध्ये आईसवाले उभे. खटला नाही म्हणजे न्यायाधीश नाही, म्हणजे आता एक्स्पिडाइटेडचा रस्ता मोकळा. न्यूयॉर्कच्या २६ फेडरल प्लाझाच्या इमारतीतले व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले असतील. ज्याने तारखा चुकवल्या, पत्ता बदलला, फोन बंद केला, तो यात सापडत नाही. सापडतो तो सांगितल्या वेळी हजर राहणारा.

परवा, शुक्रवारी २९ ऑगस्टला, वॉशिंग्टनच्याच जिल्हा न्यायाधीश जिया कॉब यांनी जानेवारीचा विस्तार थांबवला. पॅरोलवर (व्हिसाशिवाय, तात्पुरत्या परवानगीने) आलेल्यांपुरता वेगळा आदेश त्यांनीच १ ऑगस्टला दिला होता. विमानतळ आणि सीमेलगतच्या पट्ट्यातल्या जुन्या पद्धतीला त्यांनी हात लावलेला नाही. देशाच्या आत राहत असलेल्या माणसाला पाचव्या घटनादुरुस्तीचं संरक्षण आहे, त्याला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळायला हवी, एवढाच मुद्दा. सरकारचं म्हणणं, चोरून आलेल्याला कायदेमंडळाने दिलं तेवढंच, त्यापुढे राज्यघटना त्याला काही देत नाही.

आता माझं मत. वेगाबद्दल माझं काही म्हणणं नाही. आठ-आठ वर्षं तारखांवर लटकत राहणं हाही छळच. माझा आक्षेप पुराव्याचं ओझं कुणावर, याला आहे. यात अधिकाऱ्याला काहीच सिद्ध करायचं नसतं. दोन वर्षं इथे आहे हे तुम्ही दाखवायचं, त्याचं समाधान होईल इतकं, आणि तेही अटकेत बसून. हॉटेलच्या किचनमध्ये राबणारा, रोखीने भाडं देणारा, दुसऱ्याच्या नावावरच्या खोलीत चार जणांबरोबर राहणारा माणूस दहा वर्षं इथे असला तरी त्याच्या नावाचा कागद सापडणं मुश्कील. सापडला तरी तो खोलीतल्या पेटीत असतो. अटकेत असलेल्याला तो आणून द्यायचा कुणी?

एच-१बीवाल्यांसाठी : तुम्ही व्हिसावर, तपासणी होऊन आत आलात. नोकरी गेली, मुदत संपली, तरी देशाच्या आत तुम्हाला हे कलम लागत नाही. तुमची केस न्यायाधीशापुढेच जाते. बिलांची चळत नको. आय-९४ (देशात प्रवेश मिळाल्याची नोंद) ची छापील प्रत मात्र जवळ असू द्या. अठरा वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने नोंदणीचा पुरावा बाळगायचा हा १९५२ पासूनचा नियम आहे, यंदाच्या एप्रिलपासून सरकारने तो गंभीरपणे घ्यायला सुरुवात केलीय. तुम्हाला धोका आहे तो भारतातून परत येताना, विमानतळावर. तिथे हे कलम व्हिसावाल्यांनाही लागतं.

---

मनमौजी | सोम, १/०९/२०२५ - २०:५१

मी पयला! गौरीजेवणानंतर एवढं मोठं वाचवत नाही. वाचनखूण साठवलीय. पहिल्या दोन परिच्छेदांवरून धागा शतक मारणार असं दिसतंय, कोपऱ्यातली जागा पकडून बसतो.

---

खडूस_काका | सोम, १/०९/२०२५ - २१:३०

लेख माहितीपूर्ण, प्रश्नच नाही. पण ताई, तीस लाख खटले तुंबलेत हे तुम्हीच लिहिता. मग सरकारने करायचं काय? माझ्या सदाशिव पेठेतल्या घरात रात्री कुणी खिडकीतून शिरला तर मी त्याला आधी वकील बघून देऊ? का दोन वर्षं माळ्यावर लपून राहिला म्हणून घरपट्टीवर त्याचं नाव चढवू?

दुसरं असं की हा कायदा अमेरिकेच्या संसदेने केलेला आहे. एक जिल्हा न्यायाधीश अख्ख्या देशापुरता तो थांबवते हे मला पटत नाही. आमच्याकडे असं झालं की हेच लोक न्यायालयीन अतिक्रमण म्हणून ओरडतात.

---

बाबूराव_फ्रीमाँट | सोम, १/०९/२०२५ - २२:०८

काकांशी बऱ्यापैकी सहमत, आणि मी इथे राहून सांगतोय.

माझी प्रायॉरिटी डेट (ग्रीनकार्डच्या रांगेतली तारीख) २०१५ ची. ईबी-२ (उच्चशिक्षित नोकरदारांचा गट). दहा वर्षं झाली, दर महिन्याला व्हिसा बुलेटिन उघडायचं आणि बंद करायचं. मुलगी इथल्याच शाळेत शिकली, पुढच्या वर्षी २१ ची होईल आणि माझ्या अर्जातून बाहेर पडेल. तिच्यासाठी कुठल्या न्यायाधीशाने काही थांबवल्याचं आठवत नाही. आणि एजंटला चाळीस-पन्नास लाख मोजून, पनामाच्या जंगलातून, मेक्सिकोची भिंत ओलांडून जो येतो त्याच्यासाठी मोर्चे.

५ फेब्रुवारीला अमृतसरला ते सी-१७ (अमेरिकेचं लष्करी विमान) हद्दपार केलेल्यांना घेऊन उतरलं. १०४ जण. गुजरात आणि हरियाणाचे ३३-३३, पंजाबचे ३०, आपल्या महाराष्ट्रातलेही तिघे. हातापायांत बेड्या बघून मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण परत पाठवण्याचं दुःख मला झालं नाही. माझा मुद्दा बेड्यांचा आहे, विमानाचा नाही.

---

निशिगंधा_एडिसन | सोम, १/०९/२०२५ - २३:२०

@बाबूराव, तुमच्या मुलीची गोष्ट आमच्या ऑफिसात दर आठवड्याला नव्या नावाने येते. तुमच्या रागाला उत्तर नाही माझ्याकडे. पण रांग तुमच्यासाठी लांब झाली ती प्रत्येक देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे म्हणून. सीमेवर पकडलेला माणूस ईबी-२ च्या रांगेत तुमच्या पुढे येऊन उभा राहत नाही. त्याला उद्या पाठवलं तरी तुमची तारीख एका दिवसाने हलणार नाही.

@खडूस काका, तुमच्या घराच्या उदाहरणात चोर कोण हे तुम्हाला आधीच माहीत आहे. इथे वाद नेमका तोच आहे. अधिकाऱ्याने एखाद्याला पकडलं तेव्हा तो चोरून आलेला आहे, की व्हिसावर आलेला, की दहा वर्षं राहिलेला, की चक्क अमेरिकन नागरिक, हे कुणीतरी तिऱ्हाईताने बघायला नको का? कायदा संसदेचा आहे आणि न्यायाधीशांनी तो रद्द केलेला नाही. खात्याने जानेवारीत एक नोटीस काढून तो देशभर लावला, त्या नोटिशीला स्थगिती आहे.

---

अभ्यासू_ऑस्टिन | मंगळ, २/०९/२०२५ - ०७:४५

धाग्यात एक महत्त्वाचं नाव राहिलं, ते घालतो. विजयकुमार तुरैसिंगम, श्रीलंकेतला तमिळ. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅलिफोर्नियात सान इसिद्रोजवळ सीमा ओलांडून जेमतेम २५ यार्ड आत आला आणि पकडला गेला. गावात काही माणसांनी व्हॅनमध्ये कोंबून नेऊन मारहाण केली होती असं त्याने मुलाखतीत सांगितलं. अधिकाऱ्याने मारहाणीवर विश्वास ठेवला, पण ती कुठल्या कारणावरून झाली हे पुरेसं दिसत नाही म्हणून नापास केलं. वरिष्ठाने आणि इमिग्रेशन न्यायाधीशाने तेच कायम केलं. तो हेबियस कॉर्पस (आपली अटक न्यायालयाने तपासावी ही मागणी) मागत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जून २०२० मध्ये सात विरुद्ध दोन असा हरला. सॅमुएल अलिटो यांनी निकाल लिहिला : नुकताच सीमा ओलांडताना पकडलेला माणूस हा दारातच उभा आहे असं धरायचं, संसदेने दिली त्याहून जास्त प्रक्रिया त्याला मागता येणार नाही. विरोधात सोनिया सोटोमायोर आणि एलेना केगन.

आता सरकार म्हणतं, तुरैसिंगमचा निकाल सगळ्यांना लावा. जिया कॉब म्हणतात, तो २५ यार्डांवर सापडलेल्याचा निकाल आहे, वर्ष-दीड वर्ष न्यू जर्सीत राहणाऱ्याचा नाही. सगळी लढाई या २५ यार्डांपासून पुढे किती, यावर आहे.

हा वाद जुनाच आहे. १९०१ साली काओरू यामाताया नावाची सोळा वर्षांची जपानी मुलगी सिएटलला उतरली, काही दिवसांत तिला परत पाठवायचा हुकूम निघाला. १९०३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा स्पष्ट म्हटलं की देशात आलेल्या माणसाला, बेकायदा आला असला तरी, बाजू मांडायची संधी न देता हाकलता येणार नाही. तत्त्व तिच्या खटल्यातून मिळालं आणि खटला मात्र ती हरली. अधिकाऱ्याने तिच्याशी बोलणी केली होती, तिला इंग्रजी कळलं नाही हे तिचं दुर्दैव, असं त्याच निकालात आहे. १२२ वर्षांनी परिस्थिती किती बदलली ते सेकंडरी इन्स्पेक्शनच्या (विमानतळावरच्या दुसऱ्या, कसून तपासणीच्या) खोलीत जाऊन आलेल्यांनी सांगावं.

---

खडूस_काका | मंगळ, २/०९/२०२५ - ०९:१०

@अभ्यासू, म्हणजे १९०३ ला हरली, २०२० ला हरला. सर्वोच्च न्यायालयात सरकार जिंकतंच आहे की. मग कॉब बाईंचा निकाल तिथे किती टिकेल?

---

अभ्यासू_ऑस्टिन | मंगळ, २/०९/२०२५ - ०९:२६

टिकेलच असं मी म्हणणार नाही. आजचं सर्वोच्च न्यायालय पाहता पैज लावायची झाली तर मी तुमच्या बाजूने लावेन. पण २०२० मध्ये त्यांनीही रेघ २५ यार्डांवर ओढलीय, दोन वर्षांवर नाही.

---

आईची_धावपळ | मंगळ, २/०९/२०२५ - १३:०२

मी नाशिकहून लिहितेय. मला हे खटले फारसे कळत नाहीत. मुलगा जानेवारीत टेक्सासला एमएसला जातोय, आय-२० (विद्यापीठाकडून येणारा विद्यार्थी व्हिसासाठीचा फॉर्म) आलाय, व्हिसाही झाला. निशिगंधाताई, तुम्ही शेवटी विमानतळाचं लिहिलंय त्याने पोटात गोळा आला. तिथे नक्की काय होतं? फोन बघतात हे खरं का? त्याला काय काय सांगून ठेवू?

---

फॉल_तेवीस | मंगळ, २/०९/२०२५ - १४:३७

काकू, हे मी सांगतो, कारण मी त्या खोलीत बसलोय. विमानतळाचं नाव घेत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये अटलांटा, शिकागो, सॅन फ्रान्सिस्कोहून २१ भारतीय विद्यार्थी परत पाठवल्याची बातमी आली होती, साधारण त्याच सुमाराची गोष्ट. पहिल्या खिडकीवर फी कोण भरतंय विचारलं, मी 'लोन' म्हटलं, किती लोन ते मला पटकन सांगता आलं नाही. सेकंडरीत पाठवलं. तिथे फोन मागितला. माझ्या मावसभावाने चॅटमध्ये लिहिलेलं, 'ये तू, शनिवार-रविवार पंपावर उभं राहायचं, कॅश मिळते.' मी त्याला अंगठा पाठवला होता. बस. हा शिकायला नाही, काम करायला आलाय.

मग जबाब. प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर, सगळं टाइप होतं, प्रत्येक पानावर आद्याक्षरं करायची. मी रात्रभराच्या प्रवासाने इतका थकलेलो की वाचायचं सुचलं नाही. वकील नाही, घरी फोन नाही. शेवटी त्याने दोन पर्याय सांगितले : हद्दपारीचा हुकूम, नाहीतर प्रवेशाचा अर्ज स्वतःहून मागे घे. नशीब की विचारलं तरी. मी मागे घेतला. व्हिसा रद्द झाला, पुढच्या विमानाने परत. पण हुकूम नाही म्हणून पाच वर्षांची बंदी नाही. पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत दिली, सगळं खरं सांगितलं, व्हिसा मिळाला, आता इथेच शिकतोय. माझ्या शेजारच्या बाकावरच्या मुलाला हुकूमच दिला. का त्याला हा आणि मला तो, देव जाणे.

---

निशिगंधा_एडिसन | मंगळ, २/०९/२०२५ - १८:५५

@आईची धावपळ, घाबरून जाऊ नका. लाखो विद्यार्थी दरवर्षी येतात आणि दोन मिनिटांत बाहेर पडतात. मुलाला एवढं सांगा :

आय-२०, प्रवेशाचं पत्र, लोनचं मंजुरीपत्र, राहण्याचा पत्ता हे सगळं छापील आणि हातातल्या बॅगेत. चेक-इन केलेल्या बॅगेतले कागद त्या खोलीत मिळत नाहीत. आपल्याच कागदावर काय लिहिलंय ते तोंडपाठ हवं. लोनची रक्कम, कोर्सचं नाव, पहिल्या सत्राचे विषय. बऱ्याच मुलांची कागदपत्रं कन्सल्टंटने भरलेली असतात आणि मुलाला ती धड माहीत नसतात, घोळ तिथेच होतो. फोन तपासायचा अधिकार सीमेवर त्यांना आहे. म्हणून चॅट पुसत बसण्यात अर्थ नाही, पुसलेलं लक्षात आलं तर आणखी संशय. बेकायदा काम करायचा विचारच नसावा, हा सोपा उपाय. जबाबात न बोललेलं काही लिहिलेलं दिसलं तर सही करण्याआधी दुरुस्त करून मागायचं, भाषा अडली तर दुभाषी मागायचा. आणि अगदीच वेळ आली तर अर्ज मागे घेण्याची परवानगी आपणहून मागायची. ती द्यायची की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे, हक्क नाही. पण न मागणाऱ्याला क्वचितच मिळते.

@फॉल तेवीस, लिहिल्याबद्दल खरंच आभार.

---

अभ्यासू_ऑस्टिन | मंगळ, २/०९/२०२५ - १९:४०

त्या जबाबाबद्दल जोड देतो. अमेरिकन सरकारच्याच आंतरराष्ट्रीय धर्मस्वातंत्र्य आयोगाने २००५ मध्ये तज्ज्ञ बसवून या तपासण्या पाहिल्या. 'तुम्हाला परत जायची भीती वाटते का' हे विचारण्याआधी जो मजकूर वाचून दाखवणं बंधनकारक होतं, तो साधारण निम्म्या वेळा वाचलाच गेला नाही. समोर निरीक्षक बसलेला असताना!

---

नागपूरचा_वकील | बुध, ३/०९/२०२५ - १०:२०

अमेरिकेवर बोलून झालं असेल तर थोडं आपल्याकडे. परवा, १ सप्टेंबरपासून, आपला नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा २०२५ लागू झाला. १९२० चा पासपोर्ट प्रवेश कायदा, १९३९ चा नोंदणी कायदा, १९४६ चा फॉरेनर्स ॲक्ट आणि २००० चा वाहतूकदारांच्या जबाबदारीचा कायदा, चारही गेले. कागदाशिवाय घुसल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

निशिगंधाताईंचा मुद्दा पुराव्याच्या ओझ्याचा आहे. १९४६ च्या कायद्यात कलम ९ होतं : मी परदेशी नाही हे ज्याच्यावर आरोप त्यानेच सिद्ध करायचं. नव्या कायद्यातही तेच राहिलं. आसामपुरता १९८३ मध्ये एक कायदा केला होता ज्यात ओझं आरोप करणाऱ्यावर टाकलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सर्बानंद सोनोवाल यांच्या याचिकेवर तो घटनाबाह्य ठरवला. आणि परदेशी माणसाला देशाबाहेर काढायचा सरकारचा अधिकार अमर्याद आहे हे १९५५ मध्येच हान्स म्युलर खटल्यात मान्य झालंय. त्यामुळे अमेरिकेला नावं ठेवताना जरा बेतानं.

---

मीरारोडकर | बुध, ३/०९/२०२५ - २२:४८

वकीलसाहेब, परदेशी माणसाला काढायचा अधिकार ठीक. पण तो परदेशी आहे हे ठरलं कुठे?

जूनमध्ये आमच्या मीरा रोडला काम करणारा मुर्शिदाबादचा एक मजूर पोलिसांनी उचलला. बांगला बोलतो, म्हणजे बांगलादेशी. घरच्यांनी, पंचायतीने आधार, मतदार कार्ड पाठवलं अशा बातम्या होत्या. तोवर त्याला सीमा सुरक्षा दलाकडे देऊन पलीकडे ढकललं होतं. महाराष्ट्रातून उचललेले असे आणखीही काही जण होते. बंगाल सरकारने ओरड केली, मग दोन्हीकडच्या सीमा दलांच्या बैठका होऊन भारताचे नागरिक भारतात परत आले. आमच्या सोसायटीचं गिलाव्याचं काम करणारी पोरं त्या महिन्यात गावी निघून गेली ती बरीचशी आलीच नाहीत.

इथे तर एक्स्पिडाइटेडचा फॉर्मही नव्हता. जबाब नाही, वरिष्ठाची सही नाही, भीती वाटते का हा प्रश्न नाही. पाच वर्षांची बंदी तरी कुणाच्या नावावर घालणार?

---

खडूस_काका | गुरु, ४/०९/२०२५ - ०८:३३

एखाद-दुसऱ्या चुकीवरून सगळी मोहीम वाईट ठरत नाही. घुसखोर आहेत, बनावट आधार निघतात, हेही त्याच बातम्यांत असतं. ते नाही दिसत तुम्हाला.

---

मीरारोडकर | गुरु, ४/०९/२०२५ - ०८:५०

दिसतं. बनावट आधार कोणतं आणि खरं कोणतं हे बघायला एक दिवस द्या एवढंच म्हणतोय. तुमचं आधार सदाशिव पेठेतलं आहे म्हणून ते खरं का?

---

संपादक | गुरु, ४/०९/२०२५ - ११:००

यानंतरचे सात प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. व्यक्तिगत शेरेबाजी, जात-धर्म आणि पेठांवरून टोमणे टाळावेत. धाग्याचा विषय अमेरिकेतला कायदा आहे.

---

नागपूरचा_वकील | शनि, १३/०९/२०२५ - १६:१२

विषयाला धरून एकच भर, मग थांबतो. ९ तारखेला आसामच्या मंत्रिमंडळाने १९५० च्या हकालपट्टी कायद्याखाली नवी कार्यपद्धती मंजूर केली. संशयिताला नागरिकत्व सिद्ध करायला जिल्हा आयुक्त दहा दिवस देणार. पटलं नाही तर परदेशी न्यायाधिकरणाकडे न जाता हकालपट्टीचा हुकूम. जिल्हा आयुक्त म्हणजे प्रशासनाचाच माणूस. वर निशिगंधाताईंनी 'तोच विचारतो, तोच ठरवतो' लिहिलंय ते परत वाचावं. मी कायद्याच्या बाजूने बोलत होतो, पण एवढी घाई मलाही पचली नाही. न्यायाधिकरणं कितीही रखडली तरी तिथे उलटतपासणी करता येते.

---

निशिगंधा_एडिसन | सोम, २४/११/२०२५ - २१:०५

धागा वर काढतेय कारण शनिवारी, २२ तारखेला, वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने सरकारची मागणी बहुतांशी फेटाळली. कॉब यांच्या ऑगस्टच्या आदेशाला तूर्त स्थगिती नाही. म्हणजे देशाच्या आतल्या भागात राहणाऱ्यांवर एक्स्पिडाइटेड रिमूव्हल सध्या वापरता येत नाही. हा अंतिम निकाल नाही, मुख्य अपील बाकी आहे. आणि हा निकाल आला म्हणून धरपकड कमी झालीय असंही नाही. आता उचललेल्यांना जामीन न देता डांबून ठेवण्यावर भर आहे. न्यायाधीश मिळतो, पण तो दिसेपर्यंत माणूस आतच. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी काही जण कंटाळून 'मला पाठवून द्या, मी सही करतो' म्हणायला लागलेत.

---

खडूस_काका | सोम, २४/११/२०२५ - २१:४४

दोन विरुद्ध एक. म्हणजे एक तरी माझ्यासारखा आहे तिथे.

---

मनमौजी | सोम, २४/११/२०२५ - २१:५२

काका, शतक हुकलं पण तुम्ही नाबाद.

---

बाबूराव_फ्रीमाँट | मंगळ, २५/११/२०२५ - ००:१७

निशिगंधा, एक खरोखरीचा प्रश्न. आमच्या टीममधल्या एकाला ले-ऑफ मिळाला. नोकरी गेल्यावर देशात राहायला साठ दिवसांचा ग्रेस पिरियड आहे ना? पण दुसऱ्या एकाला म्हणे साठ दिवस संपायच्या आधीच न्यायालयात हजर राहायची नोटीस आली. हे खरं आहे का? असेल तर तुमच्या धाग्यातलं 'तुम्हाला न्यायाधीश मिळतो' हे ऐकायला बरं वाटतं, पण प्रत्यक्षात काय करायचं?

---

निशिगंधा_एडिसन | मंगळ, २५/११/२०२५ - ०७:३०

अशा नोटिसा गेल्याचं आम्हीही ऐकलंय. २८ फेब्रुवारीला यूएससीआयएसने (इमिग्रेशनचे अर्ज तपासणारं खातं) धोरण बदललं : अर्ज नाकारला गेला आणि माणूस स्टेटसमध्ये नसेल तर हजर राहण्याची नोटीस काढायची. साठ दिवसांची सवलत नियमात आहे, पण मुदत कमी करायचा अधिकारही त्याच नियमात खात्याला दिलेला आहे. त्याला सांगा, नोटीस आली तर तारीख अजिबात चुकवायची नाही. गैरहजर राहिलं की त्याच्या माघारी हद्दपारीचा हुकूम होतो. आणि वकिलाशी बोलल्याशिवाय देश सोडायचा नाही, कारण नोटीस न्यायालयात दाखल झाली असेल तर निघून गेलेला माणूसही गैरहजरच धरतात. ले-ऑफचं पत्र, शेवटची पे-स्लिप, आय-७९७ (अर्ज मंजूर झाल्याची नोटीस) आणि आय-९४ घेऊन या आठवड्यातच वकील गाठायला सांगा. थँक्सगिव्हिंगच्या सुट्ट्यांत कुणी भेटत नाही. ग्रेस पिरियडवर वेगळा धागा काढते, इथे हे खाली कुठेतरी हरवून जाईल.